शीड नुसतं ओढू नका, त्याला आकार द्या

वीकेंडला शिडाची बोट शिकायला गेलेल्या मंडळींच्या हातात पहिल्या दिवशी दोन गोष्टी येतात. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात मेनशीट (शीट म्हणजे कापड नव्हे हं, दोरी!). वारा आला की ओढा, बोट कलली की सोडा. झालं शिक्षण! माझ्या मते हे अर्धवट आहे, आणि जरा धोक्याचंही.

उदाहरण म्हणून लेझर घ्या. ब्रूस कर्बीची ही बोट १९७१ मध्ये बाजारात आली, हल्ली तिचं अधिकृत नाव आयएलसीए. एक माणूस, एक शीड, ७.०६ चौरस मीटरचं. नेत्रा कुमानन २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला उतरली ती याच बोटीवर, फक्त लहान शिडाची. दिसायला एकदम साधी. पण मेनशीटशिवाय तिच्यावर आणखी तीन दोऱ्या असतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

पहिली आउटहॉल. ही शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ताणते. सैल केली की शिडाला पोट सुटतं, ताणली की ते आत जातं. मध्यम वाऱ्यात बूम आणि शिडाच्या पोटात साधारण वीतभर अंतर ठेवतात. दुसरी कनिंगहॅम. ब्रिग्ज कनिंगहॅम हा गडी मोटार-रेसिंगवालाही होता, आणि १९५८ चा अमेरिकाज कप जिंकणाऱ्या बोटीचा कप्तानही. ही दोरी डोलकाठीलगतची कड खाली ताणते, त्यामुळे पोट पुढे सरकतं आणि शिडाचा वरचा भाग जास्तीचा वारा सोडून देतो. तिसरी व्हँग. ही बूमला वर उचलू देत नाही, म्हणजे शिडाला किती पीळ पडायचा ते ठरवते.

एवढा खटाटोप कशाला? कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८ नॉट्सचे १६ झाले की जोर दुप्पट नाही, चौपट! मुंबईसारख्या ठिकाणी हे एकाच दिवसात होऊ शकतं. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. सकाळी जेमतेम झुळूक, आणि दुपारी समुद्रावरून भरभरून वारा. सकाळचं सेटिंग दुपारी कसं चालेल? आपण सर्व्हरवर लोड चौपट झाला तर कॉन्फिगरेशन तसंच ठेवतो का?

पण होतं काय, की वारा वाढला की नवशिक्या मेनशीटशीच कुस्ती खेळत बसतो. पोट सुटलेलं शीड बोटीला पुढे नेण्याऐवजी आडवं पाडायला बघतं. हात भरून येतात, आणि मग ‘हे आपलं काम नाही बुवा’ म्हणून माणूस कायमचा घरी. खरं तर आउटहॉल आणि कनिंगहॅम ताणली असती तर तीच बोट बरीच शहाण्यासारखी वागली असती.

उलटी चूकही होतेच. सगळं ताणून शीड इस्त्री केल्यासारखं सपाट केलं की भारी दिसतं, पण मध्यम वाऱ्यात बोट मरगळते. आणि जोराच्या वाऱ्यात व्हँग घट्ट ठेवून बोट वाऱ्यापासून वळवली, तर कललेल्या बोटीच्या बूमचं टोक पाण्यात जातं आणि बोट उलटते. म्हणून आधी व्हँग थोडी सैल करायची, मग वळायचं.

कुणी म्हणेल, नवख्याच्या डोक्यात एकदम एवढं कशाला? मान्य, पण मी थिअरी घोका म्हणतच नाही. पहिल्या दिवशी बोट किनाऱ्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, एकेक दोरी ओढा आणि शिडाकडे बघा. अर्ध्या तासाचं काम. पाण्यात गेल्यावर शिडावरचे दोन धागे बाकीचं सांगतात. आतला फडफडला तर शीड थोडं ओढा, बाहेरचा फडफडला तर सोडा.

वारा काही आपल्या हातात नाही. पण त्यातला किती घ्यायचा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. मग तेच आधी शिकवा की!