अंडी उबवायला ठेवण्याआधी कोंबडीकडे बघा

बारा अंडी बसवली आणि 21 दिवसांनी पाच-सहाच पिल्लं बाहेर आली, की आपण कोंबड्याला दोष देतो, नाहीतर ढगांच्या गडगडाटाला. परसात कोंबड्या पाळणाऱ्या ताई-मावश्यांना आणि दादांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की अंडी घालण्याआधीच्या पंधरा दिवसांत त्या कोंबडीने काय खाल्लं, ते आधी आठवून बघा.

बलकाचा माल तयार होतो कोंबडीच्या यकृतात, म्हणजे कलेजीत. तिथून तो रक्तातून अंडाशयात जातो आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक भराभर मोठा होतो. पिल्लाची 21 दिवसांची शिदोरी ती हीच, पुढे कोणी भर घालत नाही. ती कशी भरायची हे शरीर संप्रेरकांवरून ठरवतं. घरात खायला कमी आहे की जास्त, याची खबर इन्सुलिन, थायरॉईड आणि त्यांच्या जोडीची इतर संप्रेरकं अंडाशयापर्यंत पोचवतात.

म्हणून उपाशी कोंबडी अंडी थांबवते, वाढत असलेले बलकही शरीरात जिरवून टाकते. अति खाऊ घातलेल्या कोंबडीचं दुखणं मात्र लवकर ध्यानात येत नाही. मांसल जातीच्या कोंबडीला मका, तांदळाची कणी पोटभर मिळत राहिली की कलेजीत चरबी साठते आणि अंडाशयात एकाच वेळी जास्त बलक पिकतात. मग दोन बलकांची अंडी, बिनकवचाची अंडी, कधी बलक पोटातच सांडणं. वनराजा, गिरिराज यांसारख्या जड सुधारित कोंबड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी धान्य मोजून टाका. शेपटीखाली हात लावून बघा. चरबीचा मऊ जाड थर लागला तर दाणा कमी करून हिरवा पाला वाढवा.

आयोडीनचंही तसंच. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याला आईने बलकात ठेवलेलं संप्रेरक पुरवून घ्यावं लागतं. आईच्या खाण्यात आयोडीन कमी पडलं तर पिल्लं उशिरा फुटतात, दुबळी निघतात. यासाठी खाण्याचं मीठ वाढवू नका, जास्त मिठाने कोंबडी मरते. पशुवैद्यकीय दुकानातून कोंबड्यांचं खनिज मिश्रण आणा आणि पाकिटावर लिहिलं आहे तेवढंच खाद्यात मिसळा.

खुडूक बसलेल्या कोंबडीचे मात्र आपण फार हाल करतो. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की ती अंडी थांबवते, खाणं-पिणं विसरते आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढते. तिला उबवायला बसवणार असाल तर दाणा-पाणी खुराड्याच्या तोंडाशीच ठेवा आणि दिवसातून एकदा तिला उठवून खायला लावा. बसवायची नसेल तर नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं आजपासून बंद करा. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणा-पाण्यासह तिला चार-पाच दिवस ठेवा. घरटं सुटलं की प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं.

उन्हाळ्यात अंडी साठवतानाही जपा. साधारण 21 अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये घरातली फळीसुद्धा त्याहून तापलेली असते. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात अंडी ठेवा, तीन-चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नका.

शेवटचे तीन दिवस सगळ्यात नाजूक. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. त्याच सुमाराला त्याच्या रक्तात थायरॉईडचं संप्रेरक झपाट्याने चढतं, फुप्फुसं कामाला लागतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. या कामाला वेळ लागतो. कवचाला तडा दिसला आणि तासभर काहीच हललं नाही, म्हणून नखाने सोलू नका. शिरा अजून भरलेल्या असतात. बेंबीतून रक्त वाहतं आणि पिल्लू बहुधा जगत नाही. अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावणं बंद करा आणि कोंबडीपुढचं पाणी तेवढं ताजं ठेवा.