प्रवासी कोण?

व्हॅलेंतिना तेरेश्कोवाचे नाव निघाले की काही विद्वान गृहस्थ गालातल्या गालात हसतात. "ती कसली वैमानिक? यानात बसवलेली प्रवासी! यान तर आपोआप चालत होते." हे इतक्या ठसक्यात सांगतात की घरातल्या मुलींनाही ते खरे वाटू लागते. मी मॅट्रिक झालेली शाळामास्तरीण, कादंबऱ्या लिहिणारी. यंत्रशास्त्रात मला गती नाही. पण हिशेब येतो.

यान आपोआप चालत होते, कबूल. मग १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन ज्यात बसला ते कसे चालत होते? वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील की नाही, या शंकेने हाताने चालवायची यंत्रणा चक्क कुलूपबंद केली होती आणि कुलपाचे आकडे लिफाफ्यात घालून ठेवले होते. त्या १०८ मिनिटांचा मानकरी वीर, आणि ही मात्र सामान? (मीही त्याला वीरच म्हणते.)

दुसरा आक्षेप, ती गिरणीकामगार. होतीच, यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत! पण हवाई छत्रीने उड्या मारण्यात ती तरबेज होती. आणि व्होस्तोक यानातून उतरताना सुमारे सात किलोमीटर उंचीवर प्रत्येकालाच बाहेर पडून छत्रीने खाली यावे लागे. गागारिनही तसाच उतरला.

१६ जून १९६३ ला ती निघाली. ४८ प्रदक्षिणा, सुमारे ७१ तास. अमेरिकेच्या मर्क्युरी यानांतून तोवर गेलेल्या सहाही पुरुषांचे तास एकत्र केले तरी ५४ च्या आसपास भरतात. तिला उलटी झाली, नेमलेली काही कामे राहिली, हे खरेच आहे. पण १९६१ च्या ऑगस्टमध्ये गेरमान तितोव्हचेही पोट असेच ढवळले होते. तेव्हा 'यापुढे पुरुष नकोत' असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक. यानाच्या दिशेची मांडणी अशी चुकली होती की ते खाली येण्याऐवजी आणखी वर गेले असते. तेरेश्कोवा सांगते, की हे तिच्या ध्यानात आले, तिने कळवले आणि जमिनीवरून दुरुस्ती झाली. मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांनी गप्प राहायला सांगितले, म्हणून ती कित्येक वर्षे बोलली नाही.

तिच्याबरोबर निवडलेल्या चौघींचा गट १९६९ मध्ये मोडला. एकीनेही उड्डाण केले नाही. दुसरी स्त्री, स्वेतलाना सावित्स्काया, वर गेली ती १९८२ साली. प्रवासीच न्यायचे होते, तर मधली एकोणीस वर्षे याने काय आपोआप चालत नव्हती?