स्पिरिच्युअल आणि जलसा : समीक्षेचे दोन तराजू

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या स्पिरिच्युअल गीतांविषयी लिहिताना मराठी समीक्षकाची लेखणी हळवी होते. तोच समीक्षक कोल्हापूर परिसरातील सत्यशोधकी जलशाकडे वळला, की ‘प्रचार’ हा शब्द उच्चारून मोकळा होतो. हा पंक्तिप्रपंच चालतो तो कलामूल्यांच्या नावाने, हे विशेष!

वास्तविक दोहोंतील कल्पनाशक्तीची रीत एकच आहे. धन्याच्याच बायबलमधील मोशे गुलामांनी आपलासा केला. मिसर म्हणजे दक्षिणेकडील मळे आणि यार्देन ही मुक्तीची सीमा झाली. जलसाकारांनी तमाशातला गण कायम ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा नायक, असा अर्थ लावला. प्रस्थापित प्रतीकाचा ताबा घेण्याची ही कृती तिकडे प्रतिभा ठरते आणि इकडे प्रचार, ती कोणत्या निकषावर? स्पिरिच्युअल आर्त, जलसा विनोदी व भांडखोर, हे उत्तर पुरेसे नाही. गुलामांच्या गाण्याला समाधानाची खूण समजणे ही घोडचूक आहे, असे फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्येच बजावले होते. सुरावरून आशय ठरवण्याची तीच चूक जलशातील हशाबाबत होते.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. १९११ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. म्हणजे हे नाते जलशाच्या मुळाशीच होते. ते दिसण्यासाठी १९७२ च्या दलित पँथरपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. डु बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात प्रकरणांच्या माथ्यावर या गीतांची स्वरलिपी छापली. मराठी वाङ्मयेतिहासात जलशाच्या वाट्याला बहुधा तळटीप येते.