मोटारीतील खर्ज

तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली नसेल, तर गळा कितीही सुरेल असला तरी मैफल रंगत नाही. मोटारीतील संगीताचेही तसेच आहे. हौसेने डिकीत सबवूफर बसवावा आणि ऐकू काय यावे, तर डग्ग्याच्या घुमाऱ्याऐवजी पत्र्याचा खडखडाट! अशा वेळी अधिक मोठे यंत्र घेण्याकडे मन धावते. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्रात नसून मांडणीत असतो.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी अगदी खालचे, साधारणतः ८० कंपनांपर्यंतचे स्वर सबवूफरकडे सोपविलेले असतात. ४० कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. मोटारीतील जागा तिच्या मानाने तोकडी असल्यामुळे खालचे स्वर तेथे आपोआप बळावतात. म्हणून थोड्या शक्तीतही काम भागते.

प्रथम पेटी पाहावी. सबवूफरच्या पडद्याच्या पुढून व मागून निघणाऱ्या लहरी एकत्र आल्या की एकमेकींना मारतात. त्यांना विलग ठेवणे हेच पेटीचे काम. बंद पेटीच्या सांध्यांतून हवा सुटत असेल, तर ते बुजवावेत. पेटी घट्ट बांधावी. अपघातात सुटी पेटी मागे बसलेल्यांवर आदळू शकते.

नंतर जोडणी. अॅम्प्लिफायर बंद करून सबवूफरच्या दोन वायरींची अदलाबदल करावी आणि चालकाच्या जागी बसून ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरदार वाटेल ती कायम करावी. दारांतील लहान स्पीकरांवरून खालच्या स्वरांचा भार काढून घेतल्यास गायकाचा आवाजही निवळतो.

‘गेन’चे बटण हे आवाज वाढविण्याचे साधन नव्हे. रेडिओकडून येणाऱ्या संकेताशी अॅम्प्लिफायरचा मेळ घालणे एवढेच त्याचे कार्य. ते फार चढविल्यास लहरींचे माथे छाटले जातात, स्वर फाटतो आणि आतील तारेचे वेटोळे तापून जळू शकते. ते शून्यापासून हळूहळू वाढवावे व स्वर फाटू लागताच मागे घ्यावे.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ४८० वॅट शक्ती घ्यावयाची, तर ४० अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी तांब्याची जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. फ्यूज नसेल तर वायर घासून आग लागण्याचा धोका असतो. अर्थिंगची वायर आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या पत्र्यावर आवळावी. नंबरप्लेट व डिकीचे झाकण यांखाली रबराची पट्टी लावल्यास निम्मा खडखडाट थांबतो.

शेवटी आवाजाच्या मर्यादेविषयी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसता येतो असे मानतात. तो केवळ ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही, आणि डिकीच्या सर्वांत जवळ बसतात ती आपली मुलेच. रुग्णवाहिकेचा भोंगा चालकास ऐकू आला पाहिजे, हेही ध्यानी असावे. खर्ज चांगला लागला असेल, तर तो हलक्या आवाजातही कानांना तृप्त करतो.