भाषेची वर्षे मोजणाऱ्यांनो, वर्गाचे दार कोणासाठी उघडे होते?

अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत किती वर्षे परकीय भाषा शिकलेली असावी? वरवर पाहता हा नियमांचा, तांत्रिक प्रश्न वाटतो. आमच्या मते तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आधी नियम पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठ इंग्रजीखेरीज एका भाषेची किमान २ वर्षे मागते आणि ३ वर्षांची 'शिफारस' करते. हार्वर्ड तर एकाच परकीय भाषेची ४ वर्षे असावीत असे सुचवते. पण कॅलिफोर्नियात हायस्कूल पास होण्याच्या राज्याच्या किमान अटींत परकीय भाषा सक्तीची नाही. तिच्याऐवजी कलेचा विषय घेतला तरी चालते. म्हणजे मुलगी हायस्कूल पास होते आणि विद्यापीठाच्या दारात मात्र तिचे विषय कमी पडतात. ज्या शाळेत भाषेचा शिक्षकच नाही, तिथल्या मुलीने ४ वर्षे आणायची कुठून? आणि जिथे एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, तिथे 'शिफारस' हीच अट बनते, हे काय वेगळे सांगायला हवे?

हा खेळ आपल्याला नवा नाही. शाळकरी भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेही फारसी घेऊनच. कागदावर काय उरले? 'विद्यार्थ्याने संस्कृत घेतले नाही', एवढेच. दार कोणी बंद केले याची नोंद गुणपत्रिकेत नसते! पुढे बाबासाहेबांनी कोलंबियात फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्ग केले, संस्कृतही स्वतःच्या बळावर शिकले आणि ज्या ग्रंथांपासून त्यांना दूर ठेवले होते त्याच ग्रंथांची चिकित्सा केली. कुवत कमी नव्हती. वर्ग बंद होता.

कोणी म्हणेल, मग भाषा शिकूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. भाषा जरूर शिकाव्यात, जितक्या जमतील तितक्या. पण जी व्यवस्था शिकवत नाही, तिला वर्षे मोजण्याचा नैतिक अधिकार नाही. आधी प्रत्येक शाळेत शिक्षक द्या, मग अट घाला. आणि मोजायचेच असेल तर भाषा किती येते ते मोजा, बाकावर किती वर्षे बसला ते नको.

परदेशी शिकू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना एक सांगणे. नियम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. 'आवश्यक' आणि 'शिफारस' यांतला फरक ओळखा. वरच्या इयत्तांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात झालेले शिक्षण कॅलिफोर्निया विद्यापीठ भाषेच्या अटीसाठी ग्राह्य धरते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली जी मराठी इथे मागासलेपणाची खूण मानली जाते, ती तिथे पात्रता ठरते. ती लपवू नका, अर्जात ठळकपणे मांडा.

किती वर्षे शिकलात, असे कोणी विचारले तर उत्तर जरूर द्या. पण उलट प्रश्नही विचारा: शिकवायला तुम्ही किती वर्षे उशीर केलात?

जय भीम!