राउटरचे रीसेट आणि घरची वही

घरात नवे यंत्र आले म्हणजे त्याच्या स्वागताचा एक ठरलेला विधी असतो. हळदकुंकू लावले जाते, शेजारी पेढे जातात आणि माहितीपुस्तिका कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवली जाते. शीतकपाटाला हा मान मिळाला, दूरचित्रवाणी संचाला मिळाला, धुलाईयंत्रालाही मिळाला. राउटर नावाच्या ओंजळीएवढ्या पेटीच्या वाट्याला मात्र तो आला नाही. इंटरनेट कंपनीचा मुलगा येतो, भिंतीत दोन खिळे ठोकतो, पेटी टांगतो, आपल्या मोबाईलवर काही टिपून घेतो आणि 'चालू झाले, काका' असे सांगून पुढच्या घरी जातो. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्याने पेटीच्या पोटात काय काय भरले, हे घरातील कोणी विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही.

तरीही घराचे किती व्यवहार या पेटीला बांधलेले आहेत! काचीगुडा, बरकतपुरा, इसामिया बाजार अशा आमच्या जुन्या वस्त्यांतून आज अशी कितीतरी घरे आढळतील, की जेथे आई-वडील तेवढे राहतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात किंवा बंगळुरात. रात्री साडेआठला आपल्याकडे जेवणे आटोपतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि नातवंडांचे तोंड पाहण्याची ती वेळ ठरून गेलेली असते. दारावरचा कॅमेरा, दूरचित्रवाणी, नातीचा अभ्यास, विजेचे बिल, सगळे त्याच पेटीमार्फत. मोबाईलचे स्वतंत्र नेट असते, हे खरे. पण पंच्याहत्तरीच्या आजींना बोटभर पडद्यावर नातवाचा चेहरा शोधावयास लावणे, हे काही समाधान नव्हे. त्यातून खरी अडचण अशी, की पेटीची सारी मांडणी करून देणारा मुलगा सुट्टी संपताच परत गेलेला असतो. काय नाव दिले, कोणता परवलीचा शब्द ठेवला, कॅमेऱ्यासाठी कोणती सोय केली, हे वर्षभरानंतर त्याच्याही ध्यानात राहत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शहराने याचा अनुभव घेतला. रामंतापूर भागात गोकुळाष्टमीनिमित्त निघालेल्या मिरवणुकीतील रथात विजेचा प्रवाह उतरून पाच जणांचा अंत झाला. त्या दुःखद घटनेनंतर विजेच्या खांबांवर वर्षानुवर्षे जाळ्यासारख्या गुंतलेल्या केबली काढून टाकण्याची मोहीम जोराने सुरू झाली, आणि अनेक वस्त्यांतील इंटरनेट एकाएकी बंद पडले. केबली काढणे योग्य होते की अयोग्य, हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. गेलेल्या जीवांपुढे कोणाचेही इंटरनेट मोठे नाही. आम्हांस वाचकांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे वेधावयाचे आहे. अशा वेळी भिंतीवरील पेटीत कसलाच बिघाड नसतो. तिच्याकडे येणारी काचतंतूची तार कोठेतरी दूर तुटलेली असते. परंतु माणसाचा हात जातो तो पेटीकडेच. पेटीच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते, त्याखाली 'रीसेट' असे लिहिलेले असते, आणि घरातील उत्साही मंडळींपैकी कोणीतरी टाचणी घेऊन पुढे सरसावतो.

हे करण्यापूर्वी पेटीवरील दिव्यांकडे पाहावे. काचतंतू ज्या पेटीत येतो, तिच्यावर 'एलओएस' अशा तीन इंग्रजी अक्षरांचा एक दिवा असतो. (काही घरी ही पेटी आणि राउटर वेगवेगळे असतात, काही घरी दोन्ही एकाच खोक्यात.) हा दिवा तांबडा पेटला वा लुकलुकू लागला, म्हणजे बाहेरून प्रकाश येतच नाही असे समजावे. तार कोठेतरी तुटली आहे, सुटली आहे किंवा फार वाकली आहे. अशा स्थितीत दहा वेळा रीसेट केले तरी तार जुळणार नाही; उलट जुळल्यानंतरही घरचे नेट चालू होणार नाही, कारण पेटी तोपर्यंत सारे विसरलेली असेल. एकाच्या जागी दोन दुखणी व्हावीत, तसा हा प्रकार.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्यांची गल्लत करतात. रीस्टार्ट म्हणजे पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करणे. याने पेटी काहीही विसरत नाही. झोपून उठलेल्या माणसासारखी ती ताजी होते एवढेच. रीसेट म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाची अवस्था. छिद्रातील कळ साधारण दहा सेकंद दाबून धरली, की सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि पूर्वस्मृती पुसली जाते. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या एका घातक आज्ञावलीने जगातील पाच लाखांहून अधिक राउटर व तत्सम यंत्रे बाधित केल्याचे उघडकीस आले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने लोकांना राउटर रीस्टार्ट करण्याचा सल्ला दिला होता. त्याने रोगाचा जोर तात्पुरता मोडत होता. मुळासकट उच्चाटन करावयाचे, तर रीसेटच आवश्यक होते. म्हणजे रीसेट हे वाईट औषध नव्हे. ते शेवटचे औषध आहे, आणि ते घेण्यापूर्वी तयारी लागते.

तयारी ती कोणती? राउटर काय विसरतो, याचा विचार केला म्हणजे ती आपोआप सुचते. घरच्या वायफायचे नाव आणि त्याचा परवलीचा शब्द जातो. राउटरच्या अंतर्भागात शिरण्याचा, मालकाचा म्हणावा असा, दुसरा परवलीचा शब्द जातो. ज्या कंपन्या ग्राहकाला नाव व संकेतशब्द देऊन जोडणी करतात, त्यांचे ते नाव व शब्दही जातात, आणि हेच नुकसान सर्वांत जड; कारण पहिले दोन आपण नव्याने ठरवू शकतो, हे कंपनीकडूनच मागावे लागतात. याखेरीज कॅमेऱ्यासाठी राखलेला अंतर्गत क्रमांक, मुलांसाठी घातलेल्या वेळेच्या मर्यादा, पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय अशा बारीकसारीक सोयीही जातात.

हे सारे एका फाईलमध्ये साठविण्याची सोय बहुतेक राउटरांत निर्मात्याने मुळातच करून ठेवलेली असते. घरच्या वायफायला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडावा आणि पत्त्याच्या जागी राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. पुष्कळांना शंका येते, की आपल्याकडे हा क्रमांक आणि शेजारच्या रेड्डी यांच्याकडेही हाच, तर घोटाळा कसा होत नाही? फेब्रुवारी १९९६ च्या एका तांत्रिक दस्तऐवजाने क्रमांकांचे काही गट घराघरांतील खासगी वापरासाठी राखून ठेवले, त्यांपैकी हा एक. प्रत्येक वाड्यात 'माजघर' असते, म्हणून कोणी दुसऱ्याच्या माजघरात जाऊन बसत नाही, तसेच हे. मालकाचा शब्द घालून आत शिरल्यावर 'सिस्टीम टूल्स', 'ॲडमिनिस्ट्रेशन' किंवा 'मेंटेनन्स' यांसारख्या एखाद्या विभागात 'बॅकअप अँड रिस्टोअर' असे शब्द सापडतील. बॅकअपची कळ दाबली, की एक लहानशी फाईल संगणकात उतरते. पुढे कधी रीसेट करण्याची वेळ आली, तर तळाच्या चिठ्ठीवरील मूळ नाव व शब्द वापरून पुन्हा आत जावे, त्याच जागी 'रिस्टोअर' निवडावे आणि ती फाईल दाखवावी. राउटर तिच्यातील मजकूर वाचून स्वतःच बंद होऊन चालू होतो. त्या दोन-तीन मिनिटांत विजेचे बटण कोणी बंद करू नये, एवढी खबरदारी मात्र हवी.

एवढे वाचून कोणी निश्चिंत होऊ पाहील, तर त्याने थोडे थांबावे. ही फाईल म्हणजे आमच्या हैदराबादकर मराठी घरांतील जुन्या दस्तांसारखी आहे. निजामी राजवटीतील आजोबांचे उर्दू खरेदीखत किंवा पणजोबांचे मोडी पत्र ट्रंकेत सुरक्षित असते, पण वाचणारा नसतो. राउटरची फाईलही बहुधा माणसाला वाचता येत नाही. ती त्याच कंपनीच्या, त्याच नमुन्याच्या यंत्राला तेवढी उमगते. कधी कधी तर यंत्र तेच, पण त्याची अंतर्गत आज्ञावली नवी झालेली, म्हणून ते आपलीच जुनी फाईल नाकारते. वीज कोसळून राउटर जळाला आणि बाजारातून दुसऱ्या कंपनीचा आणला, तर ती फाईल निरुपयोगी ठरते. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या स्वतःच्या मालकीची पेटी बसवितात आणि तिच्यातील ही सोय ग्राहकाला दिसूच देत नाहीत. त्यांपैकी काहींची व्यवस्था अशी असते, की पेटी रीसेट झाली तरी कंपनी दुरूनच तिच्यात मुख्य जोडणीची माहिती पुन्हा भरते. आपल्याकडील पेटी या जातीची आहे काय, हे सारे सुरळीत चालू असतानाच कंपनीच्या माणसाला विचारून ठेवावे. नेट बंद पडल्यावर तक्रार केंद्राचा दूरध्वनी लागणे, हा भाग्ययोगाचा विषय आहे.

म्हणून फाईलच्या जोडीला वही हवीच. आमच्या शाळाखात्यात एखाद्या विद्यार्थ्याचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला, तर त्याची दुसरी प्रत देता येते, ती प्रवेशाच्या नोंदवहीत त्याचे नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव हे मूळ स्वरूपात शाईने लिहिलेले असते म्हणून. घरच्या वहीतही राउटरसाठी असे एक पान राखावे. कंपनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी, जोडणीचे नाव व संकेतशब्द, राउटरचा नमुना, वायफायचे नाव, दोन्ही परवलीचे शब्द आणि नोंद केल्याचा दिनांक, एवढे पुरे. लिहिताना इंग्रजी अक्षर मोठे की लहान, शून्य की 'ओ', एक की 'एल', हे निःसंदिग्ध लिहावे. कारण यंत्राला शुद्धलेखनाची चूक माफ नसते. (या बाबतीत आम्हांस यंत्राचा किंचित हेवा वाटतो.) हे पान देवघराच्या भिंतीवर चिकटविण्याचे नव्हे, हे सांगणे नलगे. फाईलमध्येही संकेतशब्द दडलेले असतात, म्हणून ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. पेनड्राइव्हमध्ये घालून तो वहीशेजारी ठेवावा, म्हणजे संगणकच बिघडला तरी प्रत उरते. जगात २०११ पासून ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस, तेव्हा हिशेबांसोबत हीही नोंद ताजी करावयास हरकत नाही.

रीसेट झालेच, आणि फाईल नाही किंवा चालत नाही, तरी एक युक्ती फार उपयोगी पडते. वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द अक्षरशः पूर्वीचेच द्यावे. घरातील मोबाईल, दूरचित्रवाणी, कॅमेरा, बोलणारा दिवा ही सारी यंत्रे नाव व शब्द यांवरून ओळख पटवितात. दोन्ही जुळली, की ती बहुधा कोणाला न विचारता आपली आपण जोडली जातात. नवे नाव दिले, तर प्रत्येक यंत्रापुढे जाऊन शब्द पुन्हा भरावा लागतो, आणि भिंतीवर उंच लावलेल्या कॅमेऱ्यासाठी शिडी आणावी लागते. अर्थात जुना शब्द बाहेर फुटला असल्याची शंका असेल, तर शिडी आणलेली बरी.

मालकाचा शब्द मात्र रीसेटनंतर ताबडतोब बदलावा. पुष्कळ जुन्या यंत्रांचा कारखान्यातील शब्द नुसता 'ॲडमिन' असा सर्वांना ठाऊक असलेला असे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या आज्ञावलीने असेच मूळ शब्द न बदललेले लक्षावधी कॅमेरे व राउटर हाताशी धरले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कितीतरी मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. एखाद्या घरातील दुर्लक्षित पेटी अशा सेनेत भरती झाली, तर घरच्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. नेट थोडे मंद चालते, एवढेच.

ज्यांची मुले दिवाळीला किंवा नाताळच्या सुट्टीत येणार आहेत, त्यांनी फराळाच्या डब्यांबरोबर हेही काम त्यांच्यापुढे ठेवावे: फाईल काढून द्या, आणि वहीत सारे आईच्या अक्षरात लिहू द्या. तुम्ही सांगा, तिने लिहावे. स्वतः लिहिलेले पान अडचणीच्या वेळी स्वतःला सापडते आणि वाचताही येते. जमल्यास एकदा मुलाच्या देखत रीसेट करून वहीवरून पेटी पुन्हा चालू करून पाहावी. मुलगा समोर खुर्चीवर बसलेला असताना चूक झाली, तर ती पाच मिनिटांत सुधारते; विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीतून ती सुधारणे कठीण.

जुनी पेटी बदलून नवी घेतली, म्हणजे जुनी कामवालीच्या मुलाला किंवा भंगारवाल्याला देण्याची पद्धत आहे. ती देण्यापूर्वी तिला वीज जोडून छिद्रातील कळ दहा सेकंद दाबावी, दिवे लुकलुकू द्यावेत, आणि मगच ती दाराबाहेर जाऊ द्यावी. नाहीतर घरचे सारे परवलीचे शब्द तिच्या पोटातून तसेच बाहेर जातील. पेटी कंपनीच्या मालकीची असेल, तर ती कोणास न देता परत करावी आणि पोच घेऊन ती वहीच्या त्याच पानाला टाचावी.