गुरगुर बंद करून मिळेल

कुत्रं घरी आलं की पहिल्या आठवड्यात सोफ्याचा एक कोपरा जातो आणि सोसायटीतला प्रत्येक माणूस श्वानतज्ज्ञ होतो. लिफ्टमध्ये भेटणारे काका म्हणतात, "दोन फटके द्या, कायम लक्षात ठेवेल." जिममधला मित्र व्हिडिओ बघून आलेला असतो, त्याचं म्हणणं, "तू अल्फा आहेस हे त्याला कळलं पाहिजे." आणि कोणीतरी दिलेल्या नंबरवरचा ट्रेनर सांगतो, "सर, महिनाभर आमच्याकडे ठेवा, एकदम फिट करून देतो." आमच्या भुऱ्याच्या वेळी हे तिन्ही सल्ले मिळाले. भुऱ्या अस्सल देशी, त्यामुळे "देशी कुत्री शिकत नाहीत" हा चौथा बोनस. (शिकतात हो. आपल्यापेक्षा लवकर.)

आधी त्या अल्फाचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले प्राणी, मग भांडणं, चढाओढ आणि त्यातून वरचढ ठरलेली जोडी. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ही कल्पना सगळीकडे पोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. अल्फा वगैरे काही नाही, घरातली वडीलधारी मंडळी! स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. २०२२ मध्ये ते एकदाचं थांबलं. म्हणजे लेखकानेच डेप्रिकेट केलेली लायब्ररी लोक अजून प्रॉडक्शनमध्ये चालवतायत. आणि मुळात कुत्रा हा लांडगा नाही, हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्यावर राहिलेला प्राणी आहे, हे वेगळंच.

आता, मार किंवा गळ्याला झटका चालतच नाही असं माझं म्हणणं नाही. चालतो, आणि लगेच चालतो, म्हणून तर तो विकला जातो. प्रश्न हा की त्याने नेमकं काय बंद होतं.

समजा लिफ्टमध्ये एक पाच वर्षांची मुलगी येते आणि प्रेमाने कुत्र्याच्या गळ्यात पडते. तो घाबरतो, गुरगुरतो. मालकाला शरम वाटते, तो पट्टा जोरात ओढतो. असं चार वेळा झालं की कुत्रा गुरगुरायचा थांबतो. सगळे खूश! प्रत्यक्षात मुलांची भीती जिथल्या तिथे आहे, उलट वाढलीय, कारण आता मूल जवळ आलं की गळाही आवळला जातो. गेलीय ती फक्त वॉर्निंग. आपण एरर दुरुस्त न करता लॉगिंग बंद करून टाकलं. पाचव्या वेळी तो सरळ चावतो, आणि "काहीच न करता अचानक चावला" असं सगळे म्हणतात. मग त्या मुलीला टाके आणि रेबीजची इंजेक्शनं. कुत्र्याला एका रात्री गाडीत घालून टोलनाक्याच्या पलीकडे सोडतात. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही काय झालं ते.

हे नुसतं माझं मत नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अभ्यासात, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी काय काय करून पाहिलं हे विचारलं होतं. 'अल्फा रोल', म्हणजे कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, ज्यांच्यावर झाला त्यातली जवळपास तीनातलं एक कुत्रं उलटून अंगावर गेलं. मारणं-लाथाडणं यात प्रमाण त्याहून जास्त. २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर अभ्यास झाला. धाक असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त होती, लाळेतलं कॉर्टिसोलही ट्रेनिंगनंतर वाढलेलं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं की बक्षिसावर आधारलेली पद्धतच वापरा.

"पण मग तो खाऊ असला तरच ऐकतो ना?" हा हमखास प्रश्न. अहो, पगार थांबला तर आपण किती दिवस ऑफिसला जाऊ? आधी दाखवतात ती लाच, काम झाल्यावर मिळतो तो पगार. मात्र कामानंतर लगेच, एखाद्या सेकंदात. उशीर झाला तर तो बसल्याबद्दल नाही, बसून उठल्याबद्दल बक्षीस घेऊन जातो. क्लिकरचा 'टिक' आवाज त्यासाठीच असतो. एकदा सवय पक्की झाली की दर वेळी खाऊ लागत नाही, अधूनमधून पुरतो.

ही अधूनमधूनची ताकद बघायची असेल तर आमच्या आईला भेटा. जेवताना कुत्र्याला ताटातलं द्यायचं नाही हा घरचा नियम. आई तो दहातल्या नऊ वेळा कडक पाळते. दहाव्या वेळी पोळीचा तुकडा टेबलाखाली जातो. परिणाम असा की भुऱ्या जगातलं काहीही सोडेल, पण आईच्या खुर्चीशेजारची जागा सोडणार नाही. आमच्या घरातलं सर्वात यशस्वी ट्रेनिंग हेच आहे.

म्हणूनच ते 'महिनाभर आमच्याकडे ठेवा' मला पटत नाही. आपण आऊटसोर्सिंगवर जगणारी माणसं, तरी सांगतो, हे काम बाहेर देण्यासारखं नाही. तिथे तो त्या माणसाचं, त्या अंगणात ऐकायला शिकतो. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर, कुकरच्या शिट्टीत आणि आईच्या पोळीसमोर ते टिकत नाही. शिवाय महिनाभर तिथे काय चाललं हे तुम्हाला कोण सांगणार? कुत्रा तर नाही. घरी येऊन कुत्र्यापेक्षा तुम्हालाच जास्त शिकवणारा माणूस शोधा. कोणीही पाटी लावून ट्रेनर होऊ शकतो, तेव्हा पैसे द्यायच्या आधी विचारा: तो चुकला की तुम्ही काय करता? बरोबर केलं की काय करता? मी समोर बसलो तर चालेल? पहिल्या प्रश्नावर "ते आमच्यावर सोडा सर" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

आणि एखादं शांत कुत्रं अचानक खेकसायला लागलं तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर. कान दुखत असेल, कंबर दुखत असेल. दुखण्याला ट्रेनिंग नसतं.

राहता राहिला खाऊ. उकडलेलं चिकन किंवा पनीर, नखाएवढे तुकडे. रोजच्या जेवणातून तेवढं कमी करा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही. बेदाणे म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातलेही, आणि हे घरातल्या आईला वेगळं सांगावं लागतं.